शब्दांची विचारपूस: नातू म्हणतो ‘चेक’, आजोबा म्हणतात ‘शह’

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले होते, की ‘मेसेज चेक कर’, ‘गॅस चेक कर’, ‘चेक वटला का’ असा दिवसातून दहा वेळा आपण जो शब्द वापरतो तो मुळात इंग्लिश नाहीच. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि ईमेल आल्या की ह्या वेळचं सगळं सदर त्याच शब्दाला देऊन टाकलंय.

प्रश्न (सांगली): मी निवृत्त शिक्षक, वय ७१. नातू चौथीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. घोडा पुढे आणला की तो ‘चेक’ म्हणतो आणि मी जन्मभर ‘शह’ म्हणत आलोय. परवा त्याने विचारलं, आजोबा, चेक म्हणजे तपासणे ना, मग राजाचं काय तपासायचं असतं? मला काही उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: काका, तुम्ही आणि नातू दोघं एकच शब्द बोलताय! ‘चेक’ म्हणजे तुमचा ‘शह’च. फरक एवढाच, की तुमचा ‘शह’ फारसीतून सरळ आपल्याकडे आला आणि नातवाचा ‘चेक’ अरबस्तान, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड अशी मोठी चक्कर मारून क्लासमधून तुमच्या घरी आला.

खेळ तर आपलाच. साधारण सहाव्या शतकात उत्तर भारतात चतुरंग खेळत होते, चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. तो इराणात गेला आणि ‘चतरंग’ झाला, मग अरबांनी इराण जिंकलं आणि अरबीत ना ‘च’ ना ‘ग’, त्यामुळे त्यांच्या तोंडात त्याचा ‘शतरंज’ झाला. पण खेळताना बोलायचे शब्द इराणीच राहिले. इराणी लोक राजाला ‘शाह’ म्हणत आणि समोरच्याच्या राजावर हल्ला केला की त्याला सावध करायला मोठ्याने ‘शाह!’ म्हणत. म्हणजे ‘अहो, राजा! राजा बघा!’ आपल्याकडे वाड्यातल्या ओसरीवर पट मांडून बसलेली म्हातारी माणसं ‘शह’ म्हणून वर ‘राजा सांभाळा’ असंही म्हणायची ना, म्हणजे खरं तर ती एकच गोष्ट दोन भाषांत सांगत होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

अरबांबरोबर खेळ युरोपात गेला. तिथे लॅटिनमध्ये शाहचा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’, आणि इंग्रजांकडे येईपर्यंत पुढचं ‘एस’ गळून नुसतं ‘चेक’ उरलं. आणि गंमत पुढेच आहे, त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून ‘चेस’ आला. म्हणजे इंग्लिशमध्ये आख्ख्या खेळाचं नावच ‘राजे’ असं आहे! रशियन लोक तर अजून बुद्धिबळाला ‘शाखमाती’ म्हणतात, त्यात ‘शाह’ आणि ‘मात’ दोन्ही जसेच्या तसे ऐकू येतात.

‘चेकमेट’ म्हणजे तेच, ‘शाह मात’. ह्यातल्या ‘मात’बद्दल दोन मतं आहेत, काही जण अरबीतलं ‘मेला’ असं धरतात आणि काही फारसीतलं ‘हतबल झाला, उपाय खुंटला’ असं. मला दुसरं जास्त पटतं कारण बुद्धिबळात राजा मरत नाहीच, त्याला कोणी पटावरून उचलत नाही, त्याला फक्त कुठे जायला जागा उरत नाही. आणि आपण मराठीत ‘संकटावर मात केली’, ‘आजारावर मात केली’ म्हणतो ती मात हीच. ‘शह देणे’, ‘शह-काटशह’ हेही पटावरूनच उठून राजकारणाच्या बातम्यांत जाऊन बसलेत, ज्यांनी आयुष्यात कधी प्यादं हलवलं नाही तेही हे शब्द रोज वापरतात.

आता नातवाचा प्रश्न, तो फार चांगला प्रश्न आहे, त्याला शाबासकी द्या. त्याला पटावर बसवूनच उत्तर द्या. समजा त्याचा वजीर तुमचा हत्ती खायला टपून बसलाय, पुढच्याच खेळीत खाणार, आणि तेवढ्यात तुम्ही घोड्याने शह दिलात. झालं, आता हत्ती बाजूला, सगळं बाजूला, आधी राजाचं बघा. शहाला उत्तरं तीनच, राजा हलवा, नाहीतर मध्ये काहीतरी घाला, नाहीतर शह देणारा मारा, आणि घोड्याच्या शहात मध्ये घालणं जमत नाही म्हणून दोनच. म्हणजे शह मिळाला की मनात ठरवलेलं सगळं जागच्या जागी थांबतं. हा जो ‘थांबणं, अडणं’ आहे तोच इंग्लिशमध्ये चेकचा पुढचा अर्थ झाला, चौदाव्या शतकातच तो शब्द पटावरून उतरून ‘अडवणे, लगाम घालणे’ ह्या अर्थाने लोकांच्या बोलण्यात आला होता. मग हिशेबाच्या कामात एकाने केलेल्या नोंदीला दुसऱ्याच्या नोंदीचा लगाम पाहिजे, नाहीतर पहिला काहीही लिहील, म्हणून दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून बघायच्या. ह्या ताडून बघण्यालाही चेक म्हणायला लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीला ‘तपासणे’ हा अर्थ असा मागच्या दाराने आला आणि आज तोच घरचा मालक होऊन बसलाय.

म्हणजे राजा तपासायचा नसतो, राजा अडकतो, आणि राजाच्या अडकण्यातून तपासणी आली. नातवाला एवढं नक्की कळेल.

अजून एक, आजच्या स्पर्धांच्या नियमात तोंडाने चेक म्हणायची सक्ती नाही, मोठे खेळाडू गप्पच खेळतात. पण तुम्ही घरी म्हणत जा. तो शब्द मोठ्याने उच्चारला गेला म्हणून तर जगभर पोचला.

प्रश्न (पारनेर तालुका, जि. अहिल्यानगर): आमच्या गावच्या ओढ्यावर तीन चेकडॅम आहेत. लहानपणापासून ऐकतोय, पण ह्यात चेक काय करतात? इंजिनीयर येऊन तपासतात म्हणून चेकडॅम का?

उत्तर: नाही दादा, इथे तपासण्याचा काही संबंध नाही, इथे चेकचा जुना अर्थ जिवंत राहिलाय. ओढ्याचं पाणी पावसात धावत सुटतं, बरोबर माती घेऊन जातं आणि दोन तासांत ओढा परत कोरडा. आडवा छोटा बांध घातला की पाण्याला शह बसतो, ते थबकतं, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. पाणी कायमचं अडवून ठेवायचं नसतं, जास्तीचं वरून वाहून जाऊ द्यायचं असतं, फक्त त्याचा वेग मोडायचा. लगाम म्हणजे चेक, तो हाच. तुमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने असे बांध, नालाबंडिंग, समतल चर करून कोरड्या गावाचं काय केलं ते मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही ते रोज बघता.

आणि हाच धागा धरून ‘चेकनाका’ बघा. मुलुंडचा चेकनाका मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येकाला माहितीये, जकात १ जुलै २०१७ला मुंबईतून गेली तरी नाव तसंच आहे, रिक्षावाल्याला चेकनाका म्हटलं की पुरतं. तिथे ट्रक आधी अडवायचे आणि मग तपासायचे, म्हणजे चेकचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी आणि ज्या क्रमाने ते भाषेत आले त्याच क्रमाने.

प्रश्न (पुणे): मी बँकेत २६ वर्षं काढली. आम्ही जो चेक म्हणतो त्याचं स्पेलिंग शेवटी ‘क्यूयूई’ आणि तपासण्याच्या चेकचं ‘सीके’. अमेरिकेत मात्र दोन्हीला ‘सीके’च. शिवाय चौकडीच्या शर्टालाही चेक्सचा शर्ट म्हणतात. हे तीन वेगळे शब्द आहेत का?

उत्तर: एकच. पण ह्याचं उत्तर द्यायला मला तुम्हाला आठ-नऊशे वर्षं मागे एका टेबलापाशी न्यावं लागेल आणि ते मी आनंदाने करणार आहे, कारण हे टेबल मला फार आवडतं.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचा महसूल गोळा करून आणायचं काम प्रत्येक परगण्याच्या शेरिफकडे, आणि वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मग सप्टेंबरअखेरच्या सणाला, त्याने येऊन हिशेब द्यायचा. ११७०-८०च्या सुमाराला राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील ह्याने ह्या हिशेबाची सगळी पद्धत लॅटिनमध्ये लिहून ठेवलीये, म्हणून आपल्याला ते टेबल जसंच्या तसं दिसतं. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच पट्टी म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडायला नको. त्यावर काळं कापड आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर रेघा. उजव्या टोकाला पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने. हिशेबनीस रकान्यांत नाणी मांडत जायचा, एका ओळीत ‘इतके द्यायचे’, खालच्या ओळीत ‘इतके आणले’, आणि वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही कळायचं. आपल्याकडचे अंक आणि शून्य तिकडच्या हिशेबात अजून रुळले नव्हते, रोमन आकड्यांत वजाबाकी करून बघा म्हणजे ह्या कापडाची किंमत कळेल! रकाना म्हणजेच एकं-दहं-शतकाची जागा.

हे रेघारेघांचं टेबल लोकांना बुद्धिबळाच्या पटासारखं दिसलं. पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’, फ्रेंचमध्ये ‘एस्चेकियर’ आणि इंग्लिशमध्ये ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो, म्हणजे शब्दशः बघाल तर ‘पटाचा मंत्री’. फिट्झनील तर म्हणतो की बुद्धिबळात दोन राजांची सैन्यं लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरिफ ह्यांची लढाई असते. आणि चौकडीच्या कापडाला चेक्स म्हणतात तेही ह्या पटावरूनच, तुमचा शर्ट म्हणजे बुद्धिबळाचा पट, मोटारींच्या शर्यतीत शेवटी हलवतात तो काळा-पांढरा झेंडाही तोच.

पैसे भरले की पावती म्हणून हेझलच्या लाकडाची काठी मिळायची. रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या, हजार पौंडाला तळहाताएवढी जाड खाच, शंभराला अंगठ्याएवढी, आणि मग काठी उभी चिरायची, एक भाग तुमच्याकडे, एक खजिन्यात. भांडण झालं की दोन्ही भाग जुळवून बघायचे, एकाच लाकडाच्या रेषा, फसवायला जागाच नाही. त्यातल्या एका भागाचं नाव ‘स्टॉक’ आणि दुसऱ्याचं ‘फॉईल’. तुमच्या चेकबुकातलं काउंटरफॉईल आठवलं ना? (ह्या काठ्यांचा शेवट मात्र भयंकर झाला, पद्धत बंद झाल्यावर १६ ऑक्टोबर १८३४ला जुन्या काठ्यांचे ढीग पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घातले आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळून गेली.)

आता तुमचा चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे ती नोट किंवा हुकूम नव्हे, तर त्याचं हे काउंटरफॉईल, आपली स्थळप्रत. खोटा कागद आला तर तिच्याशी ताडून बघायचा, तिने खोटेपणाला शह द्यायचा, म्हणून ती चेक. पुढे स्थळप्रतीचं नाव सरकत सरकत मुख्य कागदालाच चिकटलं. स्पेलिंग बराच काळ कसंही लिहीत. तपासण्याच्या चेकशी घोळ नको आणि एक्सचेकरसारखं दिसावं म्हणून ब्रिटिश बँकवाल्यांनी ‘क्यूयूई’ धरलं, अमेरिकेने जुनं ‘सीके’ ठेवलं, आणि आपल्याकडे १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा इंग्रजांनी केलेला म्हणून आपल्या पासबुकापासून कोर्टापर्यंत ब्रिटिश स्पेलिंग. खरं तर ते स्पेलिंग मूळचं नाही, सजवलेलं आहे.

मराठीपुरतं एक सांगायलाच पाहिजे, आपण ‘धनादेश’ हा शब्द केला, तो छापील फॉर्मवर राहिला, बोलण्यात चेकच. पण त्याचं क्रियापद मात्र आपण कुणाकडून उसनं घेतलं नाही. चेक ‘वटतो’. हुंडी, म्हणजे सराफ-सावकारांची पैसे द्यायची चिठ्ठी, वटायची तसाच. तुमच्या काउंटरवर आलेली कितीतरी माणसं ‘चेक वटला का हो’ विचारत असतील, त्या एका वाक्यात इराणचा राजा आणि आपल्या पेठेतला सराफ शेजारी शेजारी बसलेत. ‘क्लिअर झाला का’पेक्षा मला ते कितीतरी गोड वाटतं, कृपा करून ते सोडू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे हॉटेलात जेवण झालं की बिल न म्हणता ‘चेक’ मागतात. आईबाबा भारतातून आले होते तेव्हा बाबांनी खिशातून चेकबुकच काढलं! आणि ‘रेनचेक’ काय प्रकार आहे?

उत्तर: अमेरिकेत चेक म्हणजे ओळख पटवायची चिठ्ठी किंवा बिल्ला, हा अर्थ खूप चालला. कोट ठेवायला दिला की बिल्ला मिळतो तो चेक, सामान जमा केलं की चिठ्ठी मिळते तो चेक, आणि काय काय खाल्लं ती चिठ्ठीही चेक. विमानतळावर बॅग ‘चेक-इन’ करतात तेव्हाही मूळ अर्थ हाच, चिठ्ठी लावून ताब्यात देणे. रेनचेक १८८०च्या दशकातला, बेसबॉलची मॅच पावसाने गेली तर तिकिटाचा तुकडा जपून ठेवायचा, तो दाखवला की पुढची मॅच बघायला मिळायची. आता कुणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर ‘रेनचेक’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘पुढच्या वेळी नक्की’. बाबांना माझा नमस्कार सांगा, चेकबुक काढलं ते अगदी बरोबर होतं, तो आणि हा एकच शब्द.

प्रश्न (कोल्हापूर): चेक प्रजासत्ताक ह्या देशाचा ह्याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: अजिबात नाही. ते तिथल्या स्लाव लोकांचं स्वतःचं नाव आहे. काही पेपर ‘झेक’ छापतात, तेवढाच घोळ कमी.

प्रश्न (नाशिक): मी एमए करतेय. ‘शहाणा’, ‘शहाजोग’, ‘शहेनशहा’ ह्या सगळ्यांत तोच शह आहे का? आणि त्या फारसी ‘शाह’च्या मागे काय आहे?

उत्तर: शहाणा नाही, तो हिंदीतल्या ‘सयाना’चा भाऊ आहे आणि त्याला ‘सज्ञान’शी जोडतात. शहाजोगही नाही, आणि त्याची गोष्ट मजेची आहे. ‘शहाजोग हुंडी’ नावाचा हुंडीचा एक प्रकार होता, ती वाटेल त्याला वटवून मिळायची नाही, बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच, म्हणजे साव माणसालाच तिचे पैसे मिळायचे, आपल्या क्रॉस केलेल्या चेकसारखंच जवळजवळ. हा ‘शहा’ म्हणजे साहू, सावकारातला साव, संस्कृत ‘साधू’कडून आलेला. गुजराती शहा आडनावही इकडचं. नंतर शहाजोगपणाचा अर्थ ‘वरवर सभ्य’ असा बिघडला, शब्दाचं वाईट वाटतं.

शहेनशहा मात्र पक्का फारसी, राजांचा राजा. ‘शाह’चं जुनं रूप इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) ह्याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात आहे, इसवी सनापूर्वी ५२०च्या आसपासच्या, आणि ते साधारण ‘क्षायथिय’ असं वाचतात. वाचूनच कान टवकारले ना? आपल्या ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ ह्यांचा धातू आणि ह्याचा धातू एकच, ‘सत्ता चालवणे’. त्याच घरातला अजून एक इराणी शब्द म्हणजे ‘क्षत्रप’, राज्य राखणारा सुभेदार.

आणि तू नाशिकला आहेस म्हणून सांगते, हा क्षत्रप बघायला तुला लांब जायला नको. पांडवलेण्यातल्या १० नंबरच्या लेण्यात जा, व्हरांड्यातल्या लेखात ‘क्षहरात क्षत्रप नहपान’ (क्षहरात हे त्याचं घराणं) आणि त्याचा जावई उषवदात ह्यांची नावं कोरलेली आहेत. आणि तो लेख आहे कशाचा? ठेवीचा! उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, २००० महिना शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने, मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंच्या चिवरांचा म्हणजे वस्त्रांचा आणि इतर खर्च भागवायचा. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं असंही त्यात म्हटलंय, म्हणजे पुढे कुणालाही ताडून बघता यावं. सकाळी लवकर गेलीस तर उन्हं तिरपी असतात, अक्षरं जास्त चांगली दिसतात.